कंपनी नसलेल्या कॉम्प्युटरचा वाली कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मोफत सुरक्षा-अपडेट थांबली. जुलै २०१५मध्ये आलेली ही प्रणाली सव्वादहा वर्षे चालली. ती बंद झाल्यावर जगभरातले सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर पुढच्या आवृत्तीला अपात्र म्हणून भंगाराच्या वाटेला लागतील, असा अंदाज कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३च्या डिसेंबरातच दिला होता. मालवणच्या बाजारपेठेतला फोटो स्टुडिओ, तारकर्ली-देवबागमधली न्याहारी निवासे, कुडाळ-कणकवलीतली झेरॉक्स आणि डीटीपीची दुकाने, गावोगावची सेवा केंद्रे, अशा सगळ्यांच्या टेबलावर या प्रश्नाने बैठक मारली आहे. इथे तो अधिक अवघड होतो, कारण यातले बरेचसे कॉम्प्युटर असेंबल केलेले असतात.

असेंबल म्हणजे मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसरीची, एसएमपीएस तिसरीचा आणि वायफायचा डोंगल कुणाचा ते खोक्यावरही धड लिहिलेले नाही. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रातराणीने किंवा कोकण रेल्वेने येतात, नाहीतर कोल्हापूर किंवा म्हापशाहून. पैसे वाचतात आणि पुढे हवा तो भाग बदलता येतो. मात्र कंपनीच्या तयार यंत्राला जो मॉडेल क्रमांक असतो, तो इथे नसतो. अशा अनेक यंत्रांत सिस्टिमची माहिती उघडली, की उत्पादकाच्या नावापुढे ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ एवढेच दिसते. बोर्डवाल्याने ती जागा पुढच्या उत्पादकासाठी मोकळी सोडली आणि पुढचा उत्पादक कुणी नव्हताच. तयार लॅपटॉपची कंपनी आपल्या मॉडेलसाठी बायोस, ड्रायव्हर आणि विंडोजची आवृत्ती एकत्र तपासून पाहते. असेंबल यंत्रात ही सांगड घालायची जबाबदारी तालुक्याच्या तंत्रज्ञावर येते, मग त्याने ती स्वीकारलेली असो वा नसो.

त्याच्याकडे येणाऱ्या तक्रारी मुख्यतः दोन. ‘अपडेट होणा नाय’ आणि ‘वायफाय दिसणा नाय’. दोन्हींवर ठरलेला उपाय म्हणजे फॉरमॅट मारणे. मला हे चुकीचे वाटते. फॉरमॅटने निदान होत नाही. मूळ दोष डिस्कवर नसेल तर तो आठवड्याभरात परत येतो आणि मधल्या मध्ये ग्राहकाची बिले, लग्नाचे फोटो, शाळेचे दाखले जातात. या आढाव्यात म्हणूनच दोष कुठे असू शकतो आणि कोणत्या क्रमाने शोधावा, यावर भर आहे.

आधी ‘अपात्र’ या शिक्क्याचेच पाहू. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१मध्ये आली. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था, यूईएफआय पद्धतीने सुरू होणारा आणि सिक्युअर बूटची सोय असलेला बोर्ड, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा एएमडी रायझेन २००० मालिकेचा, अथवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. इंटेलची आठवी पिढी २०१७ची. म्हणजे त्यानंतर जोडलेली पुष्कळ यंत्रे प्रत्यक्षात पात्र आहेत, फक्त त्यांच्या बायोसमध्ये टीपीएम बंद असते. इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी नावाने सापडते, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम नावाने. २०२१पूर्वीचे बोर्ड बहुधा ही सोय बंद ठेवूनच विकले जात. दुसरा अडसर जुन्या पद्धतीच्या एमबीआर डिस्कचा. विंडोज १०मध्येच ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे साधन आहे. बॅकअप घेऊन ते चालवले आणि बायोसमधला सीएसएम हा जुन्या बूटचा पर्याय बंद केला, की काहीही न पुसता यंत्र यूईएफआयवर येते. ‘तुमचा कॉम्प्युटर चालणार नाही’ हे पडद्यावरचे वाक्य वाचून नवा बोर्ड घ्यायला निघालेल्या माणसाला आधी बायोस उघडून दाखवावा.

खरोखर जुनी यंत्रे राहतात ती चौथ्या-सहाव्या पिढीची. रजिस्ट्रीत एक नोंद करून किंवा रूफस या मोफत साधनाने पेनड्राइव्ह तयार करून त्यांवर विंडोज ११ बसते आणि चालतेही. पण मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितले आहे, की अशा यंत्रांना अपडेटचा हक्क नाही. व्यवहारात महिन्याच्या सुरक्षा-अपडेट येत राहतात आणि वर्षाची मोठी आवृत्ती मात्र आपणहून येत नाही. ती पूर्ण आयएसओ फाइल उतरवून हाताने चढवावी लागते. होम आणि प्रो आवृत्त्यांना प्रत्येकी दोनच वर्षे आधार मिळतो, त्यामुळे हा उद्योग पुनःपुन्हा करणे आले. त्यालाही सीमा आहे. २०२४च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला ‘पॉपकाउंट’ ही सूचना कळावीच लागते. कोअर टू ड्युओला ती कळत नाही आणि तिथे कुठलीच युक्ती चालत नाही.

माझे मत असे. जिथे लोकांची कागदपत्रे आणि अंगठे हाताळले जातात, त्या सेवा केंद्रात पळवाटेने बसवलेली विंडोज नको. घरच्या, मुलांच्या अभ्यासाच्या यंत्रावर ती चालेल, पण वर्षातून एकदा हाताने अपडेट करणारे कुणी तरी ठरलेले असावे. ज्यांना लगेच काहीच जमत नाही त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची वाढीव सुरक्षा-मुदत ठेवली. मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती फुकट मिळते, नाहीतर ३० डॉलर भरून. तिच्यासाठी विंडोज १०ची शेवटची, २२एच२ ही आवृत्ती यंत्रावर असावी लागते.

इथे एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. असेंबल यंत्रांवर क्रॅक केलेली विंडोज सर्रास असते, आणि क्रॅक टिकावा म्हणून अपडेटची सेवाच बंद केलेली असते. ‘लाइट’ नावाने फिरणाऱ्या आयएसओंमधून तर ती समूळ काढलेली असते. अशा यंत्रावर अपडेट का होत नाही हे शोधण्यात दिवस घालवण्यात अर्थ नाही. परवाना परवडत नसेल तर लिनक्सकडे जावे. अज्ञात माणसाने फेरफार केलेली प्रणाली बँकेच्या व्यवहाराला वापरू नये.

आता किनाऱ्याच्या हवेकडे येऊ. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, समुद्राकाठी खारी हवा बारमाही, आणि मे-जूनमध्ये व परतीच्या पावसात विजा. मे २०२१च्या तौक्ते वादळात किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज आणि मोबाइलची रेंज नव्हती. ही हवा कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरमध्येही शिरते, ती बोर्डावरच्या नाण्याएवढ्या सेलमधून. सीआर२०३२ हा सेल दमला आणि रात्री मेनचे बटण बंद केले, की सकाळी बायोसचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे जुळत नाहीत, ब्राउझर इशारे देतो आणि विंडोज अपडेट ८००७२एफ८एफ हा एरर दाखवून थांबते. ग्राहकाला वाटते नेट गेले. साठ-सत्तर रुपयांच्या आतला सेल बदलून आणि घड्याळ लावून हा दोष मिटतो. दमट हवेत रॅमच्या आणि वायफाय कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. कार्ड काढून त्या साध्या खोडरबराने पुसण्याची दुकानांतली रीत आहे, आणि ती बरोबर आहे.

सेल संपल्याने घड्याळाबरोबर बायोसच्या सेटिंग्जही मूळपदावर जातात. मग टीपीएम बंद, बूटची पद्धत बदललेली, आणि चालते यंत्र एका रात्रीत ‘अपात्र’. याहून गंभीर परिणाम वेगळाच आहे. विंडोज ११च्या २४एच२ची नवी मांडणी करून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, तर डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. पूर्वी या सोयीच्या अटी कडक असल्याने असेंबल यंत्रे तिच्या बाहेर राहत. आता त्या सैल केल्यामुळे तीही आत आली. कुलपाची किल्ली टीपीएममध्ये असते. सेल गेला, बायोस बदलला किंवा विजेने बोर्ड जळून नवा घातला, की पडदा ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते, पण खाते कुणाच्या ईमेलवर उघडले होते? दुकानदाराने घाईत स्वतःच्या खात्यावर यंत्र चालू करून दिले असेल, तर ग्राहकाची दहा वर्षांची छायाचित्रे त्याला कायमची बंद होतात. विंडोज टाकून देताना ही की कागदावर छापून ग्राहकाच्या हातात द्यावी. बिलाइतकेच ते आवश्यक मानावे.

बायोस अपडेटही जपून. ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. पावसाळ्यात, बॅटरी धड असलेल्या यूपीएसशिवाय, तो प्रयोग करू नये. पण कधीच करू नये असेही नाही. एएमडीच्या एफटीपीएममुळे काही यंत्रे मधूनमधून क्षणभर अडखळत, तो दोष २०२२मध्ये बायोसच्या नव्या आवृत्तीनेच गेला. शिवाय सिक्युअर बूटची २०११ची प्रमाणपत्रे जून २०२६पासून कालबाह्य होऊ लागतात. यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही, मात्र बूटच्या पातळीवरची नवी सुरक्षा त्याला मिळेनाशी होते. नवी प्रमाणपत्रे बहुतेकांना विंडोज अपडेटमधून मिळतात, काही बोर्डांना बायोसही नवा लागतो. तयार लॅपटॉपला तो बायोस त्याची कंपनी सुचवते. असेंबल यंत्राच्या मालकाने बोर्डाचे नेमके नाव पाहून तो स्वतः शोधायचा.

अपडेटच बिघडलेली असते अशा वेळाही येतात. जानेवारी २०२४मधली केबी ५०३४४४१ ही विंडोज १०ची अपडेट ८००७०६४३ एरर देऊन जगभर अडली, कारण रिकव्हरीच्या पार्टिशनमध्ये तिला लागणारी २५० एमबी मोकळी जागा नव्हती. जुन्या डिस्कची नक्कल करून एसएसडीवर आणलेल्या यंत्रांत हे पार्टिशन लहान किंवा भलत्याच जागी असणे नेहमीचे. फॉरमॅट न मारता सी ड्राइव्ह थोडा आकसून जागा करून देणे हा उपाय होता. ऑक्टोबर २०२५च्या विंडोज ११ अपडेटने तर रिकव्हरीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड-माउस बंद पाडले. मायक्रोसॉफ्टने आठवड्याच्या आत दुरुस्ती दिली. त्या दिवसांत ज्या बोर्डांवर जुने गोल पीएस-टू पोर्ट होते त्यांचे काम अडले नाही, आणि हे पोर्ट आज उरले आहेत ते मुख्यतः असेंबल बोर्डांवर. म्हणून कामाच्या यंत्रावर नवी अपडेट आठवडाभर थांबवून मगच घ्यावी, अनेक महिने मात्र टाळू नये.

वायफायचा विषय याहून गुंतागुंतीचा. डेस्कटॉपच्या बोर्डावर ते सहसा नसतेच, त्यामुळे दोनतीनशे रुपयांचा डोंगल लावला जातो. डोंगलच्या खोक्यावरच्या नावाला फारसा अर्थ नाही. एकाच नावाच्या डोंगलच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आवृत्तीत वेगवेगळ्या चिप निघतात. खरी ओळख डिव्हाइस मॅनेजरमधल्या हार्डवेअर आयडीत असते. यूएसबी उपकरणात ०बीडीए म्हणजे रिअलटेक, पीसीआय कार्डात ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. ही चार आकडे-अक्षरे चिपची कंपनी सांगतात; त्यांच्यापुढची उत्पादनाची चार वाचली की नेमका ड्रायव्हर सापडतो. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ देणाऱ्या पॅकेजांची गरज उरत नाही, आणि त्यांतून येणारी नको ती सॉफ्टवेअरेही टळतात.

कार्ड विकत घेताना होणारी एक चूक फार महाग पडते. इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डे अर्धीच असतात. त्यांचे उरलेले काम इंटेलच्या ठरावीक चिपसेटमध्ये होते. एएमडीच्या किंवा जुन्या इंटेलच्या बोर्डात ती खाचेत नीट बसतात आणि मुळीच ओळखली जात नाहीत. ड्रायव्हर बदलून, विंडोज पुन्हा टाकूनही काही होत नाही, कारण बिघाड झालेलाच नसतो. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही पूर्ण कार्डे आहेत, ती एएमडीवरही चालतात. दुकानात ही नावे शेजारी-शेजारी दिसतात आणि किमतीही जवळपास असतात, म्हणून शेवटचा आकडा पाहून घ्यावा.

पीसीआय कार्डावर वायफाय चालते आणि ब्लूटूथ नाही, अशी तक्रार असेल तर कॅबिनेट उघडावे. कार्डावरच्या ब्लूटूथला बोर्डाच्या नऊ पिनी यूएसबी जोडणीपर्यंत एक बारीक वायर लागते. ती खोक्यातच राहून गेलेली असते.

आता जागा. डोंगल कॅबिनेटच्या मागे, पत्र्याच्या आड, चिऱ्याच्या भिंतीला टेकून बसवलेला असतो. चिऱ्याची भिंत जाड, त्यात पावसाळ्यात ओल धरलेली, आणि पाणी या लहरी शोषून घेते. मे महिन्यात पडवीपर्यंत पोचणारे वायफाय जुलैत माजघरातच संपते ते यामुळे. त्यात शेजारच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टात हार्ड डिस्क लावली, तर तिचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. हे इंटेलनेच २०१२मध्ये मोजून प्रसिद्ध केले होते. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर आणला की पुष्कळ वेळा तक्रार संपते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात ऑक्टोबर २०१८मध्ये बराचसा खुला झाला. एका खोलीत तो उत्तम चालतो, चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे त्याची आशा धरू नये. राउटर आपोआप तेराव्या चॅनेलवर गेला असेल, तर परदेशी नियमांनुसार बांधलेल्या काही डोंगलना तो दिसतच नाही. मोबाइलला नेट दिसते आणि कॉम्प्युटरला नाही, अशा वेळी राउटर एक, सहा किंवा अकराव्या चॅनेलवर बांधून पाहावा. आणि संध्याकाळी चालणारे वायफाय सकाळी गायब होत असेल, तर विंडोजचा फास्ट स्टार्टअप बंद करावा. त्यात यंत्र पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते आणि चिप जुन्याच अवस्थेत जागी होते.

ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, या कोंडीवर खिशातला फोन पुरतो. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले, की विंडोजला आणि लिनक्सला तो साधे नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट कॉम्प्युटरला मिळते, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. विंडोज ११ची मांडणी नेटशिवाय पुढे सरकत नाही तिथेही हाच मार्ग. डेटाचा हिशेब मात्र ठेवावा लागतो. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर पाच जीबीची आयएसओ उतरत नाही. दुकानदाराने ती एकदा फायबरवर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि फोनवर चालणाऱ्या यंत्रात ती जोडणी ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवावी, म्हणजे अपडेट दिवसाचा डेटा सकाळीच संपवणार नाही.

जुन्या यंत्राला लिनक्स हा खरा आधार आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे त्यावर चालतात. लिनक्स मिंट २२ला २०२९पर्यंत आधार आहे, आणि चौथ्या पिढीच्या यंत्रावर एसएसडी घालून ती सहज चालते. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहेच. अडचण डीटीपीवाल्यांची. दशावताराच्या नाटकांची पोस्टरे, आंगणेवाडीच्या जत्रेचे फलक आणि लग्नपत्रिका वर्षानुवर्षे श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत आणि पेजमेकरमध्ये बनल्या. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. ते काम थांबवता येत नसेल, तर ते यंत्र नेटपासून पूर्ण तोडून ठेवावे आणि फायली पेनड्राइव्हने न्याव्यात.

लिनक्समध्ये वायफायचा स्वभाव वेगळा. इंटेलची बहुतेक कार्डे लगेच चालतात. रिअलटेकच्या पुष्कळ डोंगलचे ड्रायव्हर मूळ कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेर होते. ते वेगळे बांधावे लागत, आणि कर्नल अपडेट झाला की पुन्हा बांधावे लागत. डीकेएमएस नावाचे साधन हे काम आपोआप करते, पण कर्नलच्या हेडर फायली नसतील किंवा सिक्युअर बूटला सही नसलेला ड्रायव्हर नको असेल तर वायफाय जाते. अशा वेळी सुरुवातीच्या पडद्यावरून आधीचा कर्नल निवडावा. वायफाय परतले तर दोष तिथेच आहे. फेब्रुवारी २०२३च्या ६.२ कर्नलपासून ८८२१सीयू, ८८२२बीयूसारख्या चिपचे ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आले. काही डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. ती ‘सीडी’ इजेक्ट केली की वायफाय प्रकटते.

राहिला हॅकिंटॉश, म्हणजे साध्या असेंबल यंत्रावर मॅकओएस. ॲपलने २००५मध्ये इंटेलकडे वळण्याची घोषणा केली आणि ही वाट खुली झाली. व्हिडिओ आणि संगीताचे काम करणाऱ्या मंडळींनी कमी खर्चात तिचा उपयोग केला, ॲपलचा परवाना मात्र फक्त ॲपलच्याच यंत्रावर वापर करू देतो. २०२३च्या सोनोमा आवृत्तीत ॲपलने जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचा आधार काढला. हॅकिंटॉशवाले खास शोधून घेत होते तीच ही कार्डे. ती चालवायची तर प्रणालीची सुरक्षा सैल करून तिच्या गाभ्यात ठिगळ लावावे लागते. त्याने प्रणालीची मोहोर तुटते, पुढची प्रत्येक अपडेट लहान न येता पूर्ण बारा-तेरा जीबीची येते, आणि ती चढताच ठिगळ निघून वायफाय पुन्हा जाते. सप्टेंबर २०२५ची टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची मॅकओएस आहे. जे यंत्र चालते आहे त्यावर हातातले काम पुरे करावे, लॅनची केबल लावावी, नवे मात्र कुणी उभारू नये.

या सगळ्यात सर्वांत मोठी उणीव मला नोंदीची दिसते. बोर्डाचे पूर्ण नाव आणि रिव्हिजन, बायोसची आवृत्ती, वायफाय चिपचा आयडी, विंडोज कोणत्या खात्यावर, रिकव्हरी की कुठे, सेल कधी बदलला, एवढे एका पानावर मावते. ते पान कॅबिनेटच्या आत चिकटवावे आणि त्याची प्रत दुकानात ठेवावी. कुडाळचा तंत्रज्ञ गोव्यात नोकरीला गेला तरी सावंतवाडीचा दुसरा माणूस तिथून पुढे काम करू शकेल. एमएस-सीआयटी २००१पासून गावागावांत पोचली आणि तिने लोकांना कॉम्प्युटर वापरायला शिकवले. आयटीआय आणि तंत्रनिकेतनांनी आता हार्डवेअर आयडी वाचणे, पार्टिशन हलवणे, ड्रायव्हर मागे नेणे हे निदानाचे शिक्षण द्यावे. जी यंत्रे खरोखर संपली आहेत त्यांच्यासाठी २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. अशा यंत्रांतला एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर बऱ्याचदा धड असतो. दहा हजारांच्या आतबाहेर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅमचा जुना पण पात्र संच मिळाला, तर त्याच खोक्यात तो बसवून विंडोज ११ रीतसर चालते. जोडताना बायोसमध्ये टीपीएम चालू करावे, सेल नवा घालावा, आणि वायफाय कार्ड पूर्ण आहे की अर्धे हे पैसे देण्याआधी विचारावे.